कृष्णनाथच्या डाव्या पायाबद्दल एकमत

...आणि वर मलाच विचारतात, "बाय, तुका फुटबॉलांतलें किदें कळटा?" नाही कळत! मान्य! मी धारवाडला जाऊन संख्याशास्त्र शिकले, साखळीच्या हायर सेकंडरीत तेच शिकवते, फुटबॉल हा माझा विषय नव्हे. पण तुम्हाला सांगते, ज्या खेळाडूबद्दल हा प्रश्न मला विचारला जातो तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, त्याचे चिखलाचे मोजे गेली पाच वर्षं मी धुते, आणि विचारणारे रघुनाथबाब, म्हणजे कारापूरला आमच्या घरासमोर ज्यांचं चहाचं हॉटेल आहे ते, त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलाय तो एकदाच, तोसुद्धा हॉटेलात घरंगळत आला म्हणून. असो. मला काही वाटलं नाही.

तर कृष्णनाथ. बारावीला होता. लेफ्ट बॅक. मार्कांबद्दल न बोललेलं बरं... म्हणजे बोलायला हरकत नाही, पण विषय लवकर संपेल. त्या मार्कांवर कॉलेजात प्रवेश मिळायचा तर खेळाडू म्हणूनच मिळणार होता, नाहीतर आमच्या मामांनी खनिजाच्या ट्रकवर क्लीनरची जागा बोलून ठेवली होती. कॉलेज, नाहीतर ट्रक. तिसरी शक्यता नव्हती. आता एवढी स्वच्छ मांडणी असताना चर्चेला जागा कुठे राहते, सांगा? पण हॉटेलात सकाळी पाव-भाजी सुरू झाली की चर्चा सुरू! आणि चर्चा काय? प्रवेश मिळेल का, ही नव्हेच! प्रवेश मिळाला असं धरून, म्हापशाचं कॉलेज घ्यायचं की पणजीचं, ही! म्हापसा पक्षाचं म्हणणं, बस थेट जाते, पोरगं रात्री घरी जेवायला येईल. पणजी पक्षाचं म्हणणं, पणजीला मोठ्या कंपन्यांच्या क्लबांची माणसं सामने बघायला येतात, पोराला उचलून नेतील. "उचलून नेतील म्हणजे? आणि गावच्या टीमचं काय?" की लगेच तिसरा पक्ष! एकदा तर पातळभाजीची बशी भिरकावली गेली. बशी. फुटबॉलवरून! ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे, मराठी की कोंकणी यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले होते, पण हॉटेलात त्या दोन्ही भाषांतले लोक एका बाकावर बसून माझ्या भावाच्या डाव्या पायाचं भवितव्य ठरवत होते. मी खिडकीत बसून पेपर तपासत होते. मला काही वाटलं नाही.

आणि कौतुक किती! रघुनाथबाब म्हणायचे, "ताचो दावो पांय म्हणल्यार पांय न्हय रे, तो हात! हातान वाडल्यासारको पास दिता!" हाताने वाढल्यासारखा! आमच्या घरी पाण्याचा तांब्या उचलून देत नाही तो! केरबा म्हणून एक ट्रक ड्रायव्हर आहेत, मूळचे कोल्हापूरचे, खाणीवर आले ते इथेच राहिले. ते टेबलावर मूठ आपटायचे. "आमच्या कोल्हापुरात असतं तर या पोराला हत्तीवर बसवून साखर वाटली असती, काय समजलासा?" कोल्हापुरात प्रत्येक गोष्टीला हत्ती कुठून येतो, मला ठाऊक नाही.

आता पुढे ऐका. जानेवारीत डिचोलीच्या मैदानावर शाळांची अंतिम फेरी. सगळा वाडा, म्हणजे आमची आळीच्या आळी, गेला, आई गेली, मी गेले. केरबा तेवढे वाळपईकडे फेरीवर होते, हे लक्षात ठेवा. सामना सुरू झाला, आणि थोड्या वेळाने पांढरी टोपी घातलेला, हातात छत्री असलेला एक अनोळखी गृहस्थ आमच्या लोकांत येऊन उभा राहिला. जानेवारीत छत्री! तिथेच मी ओळखायला हवं होतं की हा प्राध्यापक आहे. त्याने अगदी सभ्यपणे रघुनाथबाबांना विचारलं, "तो डाव्या पायाने खेळणारा मुलगा कोण हो? बरा वाटतो."

झालं! बरा वाटतो म्हणाला!

तुम्ही जर घाटावरचे असाल तर तुम्हाला हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे आपल्या चांगल्या गोष्टीला परक्याने चांगलं म्हटलं, की तिला दिश्ट लागते. दृष्ट हो! फणस चांगला धरला? "खंयचो, किडको!" म्हैस दूध देते? "पातळ." मुलगी गोरी? "पावडर लायल्या." हे खोटं बोलणं नव्हे, हं. ही काळजी. जितकी माया जास्त तितकी निंदा जोरात, असा सरळ हिशेब. तेव्हा रघुनाथबाबांचा चेहरा जो पडला, आणि तोंडातून जे निघालं... "तो? तो खंय खेळटा! दिंब्यो गेल्यात ताच्यो!" गुडघे गेले! सतरा वर्षांच्या मुलाचे! तो गृहस्थ पुढे सरकला, दुसऱ्याला विचारलं. दुसरा म्हणाला, अहो त्याला पळताना दम लागतो. तिसरा म्हणाला, रात्रीचं दिसत नाही. जणू सामने रात्रीचे असतात! मराठीवाल्यांनी मराठीत सांगितलं, कोंकणीवाल्यांनी कोंकणीत, पण सांगितलं तेच. शेवटी तो आईपाशी आला. मी मनात म्हटलं, ही जन्मदात्री आहे, ही तरी... आईने पदर सावरला आणि म्हणाली, "कसलो खेळटा! खाता आनी न्हिदता." खातो आणि झोपतो!

मग त्याने विचारलं, तुमच्यात चांगला कोण? तेव्हा सगळ्यांनी एका सुरात बोट दाखवलं प्रशांतकडे. प्रशांत वरच्या वाड्यावरचा. खेळायचा म्हणजे मैदानात असायचा. "वाघ तो, वाघ!" लागली दिश्ट तर वरच्या वाड्याला लागेल, आपलं काय जातं? गृहस्थ मान हलवत, छत्री टेकत निघून गेला. त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात किती आनंद! कसं फसवलं, म्हणे! नक्की वाळपईच्या क्लबाचा हेर होता, पोरगं पळवायला आला होता!

मला काही वाटलं नाही. कारण तेव्हा मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं, फटाके वाजले, आणि जूनमध्ये बातमी आली की म्हापशाच्या कॉलेजने आमच्या भागातून फुटबॉलसाठी एक मुलगा घेतला. प्रशांत! आणि पांढरी टोपी म्हणजे त्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक, आजगावकर सर! हॉटेलात अशी शांतता पसरली की भाजीला उकळी फुटलेली आमच्या घरात ऐकू आली. नंतर म्हापसा पक्ष म्हणाला, हे पणजीवाल्यांनी केलं. पणजी पक्ष म्हणाला, बघा, आम्ही सांगत होतो, म्हापशात खेळाची जाण नाही. आणि दोन्ही पक्ष गप्प बसल्यावर कृष्णनाथ घरात आला, पायरीवर बसला, आणि मला एवढंच म्हणाला, "ताई, ट्रकार क्लीनराक बूट दितात?"

मला काही वाटलं नाही. चहा ठेवला, साखर घालायची राहिली, इतकंच. त्याने तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी म्हापशाला गेले. आजगावकर सरांपुढे बसले आणि आमच्याकडची रीत पद्धतशीर समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "बाई, तुम्ही काय शिकवता?"

"संख्याशास्त्र."

"मग मला सांगा, मी मैदानभर फिरून विचारलं. लहान, मोठे, बाप्ये, बायका. एकाचंही उत्तर वेगळं नाही. तुमच्या शास्त्रात याचा निष्कर्ष काय काढतात?"

मी म्हटलं, "सर, नमुना पूर्वग्रहदूषित होता."

"त्यात मुलाची आई होती."

"ती सर्वांत दूषित!"

"बाई, तुमच्या तालुक्यात भाषेवर एकमत नाही, राज्यावर एकमत नाही, बस कुठे थांबवावी यावर एकमत नाही. एकाच गोष्टीवर झालं, ते तुमच्या भावावर. मी दुसरं काय समजायला हवं होतं?"

तर्क निर्दोष होता. मी स्वतः पेपर तपासला असता तर शंभरपैकी शंभर दिले असते. मला हसू आलं नाही, रडू आलं नाही, मी नुसती पर्स उघडून बंद केली. मग त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, मडगावचा एक मुलगा येतो म्हणाला होता, आला नाही, एक जागा आहे. बुधवारी मुलाला आणा, मी डोळ्यांनी बघतो. आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "बाई, कृपा करून वाड्याला आणू नका!"

आता वाडा काय आणावा लागतो? वाडा येतो! बुधवारी आम्ही बसने पोचलो, तर मागून केरबांचा ट्रक, वर हौद्यात रघुनाथबाब, दोन्ही पक्ष, आणि पुढे केरबांशेजारी माझी आई! सगळ्यांनी रस्त्यात शपथ घेतली होती म्हणे, आज तोंड भरून कौतुक करायचं. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. काय होईल ते होवो.

चाचणी सुरू झाली. कृष्णनाथने डाव्या बाजूने चेंडू काढला, दोघांना चुकवलं, आणि असा लांब पास दिला की मलासुद्धा, मलासुद्धा हो, कळलं की हे काहीतरी सुंदर आहे. सर वळून आमच्या लोकांकडे बघतात. आता बोला! रघुनाथबाबांनी तोंड उघडलं... आणि शब्द फुटले, "कसलें हें मारप! हाका घरा व्हरात!" घरी न्या म्हणे याला! एकदा बांध फुटल्यावर काय! "पांय न्हय, मुसळ!" "शेणांत घाल तो चेंडू!" आई तर रडत रडत शिव्या देत होती. केरबांना बिचाऱ्यांना काही कळेना, ते ओरडले, "अरं वाघ हाय, वाघ!" तर चौघांनी त्यांचं तोंड दाबून धरलं. "आवं, पोरगं चांगलं खेळतंय आन् तुमी थुकताय? माणसं हायसा का कोण?" हे बोटांच्या फटीतून!

मी खाली मान घालून उभी होते. मामांना काय सांगायचं, ट्रकवर कधीपासून पाठवायचा, याची मनात जुळणी करत होते. सर मात्र छत्री उघडून उभे होते. एकदा मैदानाकडे बघत, एकदा आमच्या लोकांकडे. मग कृष्णनाथचा एक फटका पार कुंपणाबाहेर गेला, आणि त्याबरोबर मागून मायेचा आवाज उठला, "बरें मारलें रे पुता!"

सर हळूच माझ्याजवळ आले. "बाई, हे लोक तो चुकला की शाबासकी देतात आणि जमलं की शिव्या देतात?"

"होय, सर."

"प्रत्येक वेळी?"

"सहसंबंध उणे एक," मी म्हटलं.

ते पुढची पंधरा मिनिटं मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. नुसते कान देऊन! शेवटी शेवटी शिव्या इतक्या घाणेरड्या झाल्या की कॉलेजचा शिपाई बाहेर आला. सरांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "घेतला."

घेतला! मला वाटलं आता तरी... आता तरी काहीतरी वाटावं ना माणसाला? मी तोंड उघडणार, तोच आईने माझा दंड धरला, असा चिमटा काढला, की वळ अजून आहे. "गावांत एक उतर काडूं नाका!" अक्षरसुद्धा काढायचं नाही! रघुनाथबाबांनी तिथेच सगळ्यांना बजावलं, हौद्यात उभं राहून, दोन्ही पक्षांना: विचारलं तर सांगायचं, पोराला घेतला नाही.

आणि नाहीच सांगितलं हो कोणी! वाड्याचं दुसरं एकमत! तो रोज सकाळी वह्या पिशवीत लपवून म्हापशाची बस धरतो आणि हॉटेलातून सुस्कारे येतात, "बिचारो! चलला कामाक." पेढे नाहीत, नारळ नाही. प्रशांत त्याच बसने जातो, त्याच कॉलेजात, त्यालासुद्धा गप्प केलंय. मला कोणी अभिनंदन म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, तेही आता सांगता येत नाही. काही वाटायची सवयच गेली आहे.

परवा आमच्या मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये आपुलकीने विचारलं, "देवकीबाई, तुमचा भाऊ हल्ली काय करतो?" मी संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवीधर, पुराव्याशिवाय वाक्य न बोलणारी बाई, माझ्या तोंडून निघालं, "काही नाही हो, सर. घरीच असतो." ते इतके हळहळले! माणूस फार चांगला. काल मुद्दाम माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आले. "तुमचं काम केलं! ओळखीच्या खाणवाल्याकडे शब्द टाकलाय. सोमवारी सकाळी भावाला पाठवा, क्लीनर म्हणून उभा करून घेतात!" काय म्हणणार? उपकार झाले, म्हटलं.

सोमवारी सकाळी कृष्णनाथचा पहिला सामना आहे, आणि ट्रकला नाही म्हणावं तर प्रवेशाची बातमी फुटणार. तेव्हा सध्या समोर हॉटेलात दोन पक्ष पडले आहेत, बशा हाताशी आहेत, आणि चर्चा चालली आहे की ट्रकवर त्याच्या जागी कोणाला उतरवायचं.