गाळातली पावलं

नवरा सायकलवर पुढे निघून गेला होता. आपल्या सायकलचं पंक्चर निघेपर्यंत ती दुकानात बसली होती. शेजारी दोन म्हातारे भाऊ बोलत होते.

"दादा, पूर ओसरला की!"

"ओसरला, पण नदीकाठाला फिरकू नकोस. लढाईतले सुरुंग गाळातून वर आलेत."

"इतक्या वर्षांनी?"

"काल पुलाखाली म्हैस उडाली. धोक्याची पाटीही वाहून गेलीय."

तिने घाईघाईने फोन लावला.

"अगं, पुलाशी रस्ता खचलाय. काठाने उतरलोय मी."

"हलू नकोस! तिथे सुरुंग आहेत!"

दादांनी फोन घेतला. "बाळा, गाळात तुझी पावलं उमटलीत ना? त्यांच्यावरच पाय ठेवत मागे ये. सायकल राहू दे."

फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. तिने दादांची बाही घट्ट धरली.

"डांबर लागलं पायाला," तो म्हणाला आणि रडू लागला.