रेडिएटरची हळद

तांब्याचा बंब तुम्ही कशाने घासता? चिंचेनेच ना? मग माझ्या सासूबाईंचं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.

धाकट्या भाऊजींना दुसऱ्या दिवशी हळद लागायची होती. त्यांची उष्टी हळद आमच्या जुन्या मोटारीतून नवरीकडे, नेऱ्याला न्यायची होती. पण मोटार सारखी तापायची. म्हणून ह्यांनी रेडिएटर धुवायला घेतला, तर आतून गंजाचं लाल पाणी आलं.

सासूबाई म्हणाल्या, "तांब्याचाच हाय न्हवं? मग चिंचंचं पाणी वत की."

ह्यांनी ओतलं, इंजिन चालवलं, पाणी सोडून दिलं. आतून सगळं लख्ख झालं. मग मी ताज्या पाण्याची घागर रिकामी केली, दुसरी केली, तरी रेडिएटर भरेना. खाली बघते तर अंगणात चिखल!

हे कपाळाला हात लावून म्हणाले, "आये, गंजानंच भोकं बुजली व्हती गं! आता उद्या हळद कशी न्यायची?"

सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी लग्नासाठी दळलेल्या हळदीतली मूठभर आणून रेडिएटरमध्ये टाकली. "जखमंला लावतो, तशीच लावायची." ह्यांनी पाणी ओतून इंजिन चालवलं, आणि हळूहळू गळती थांबली.

मी गोंधळून विचारलं, "आत्याबाई, पहिली हळद तर मोटारीला लागली. मग उद्या नेणार ती उष्टी कुणाची?"

त्यांनी हळदीचा हात पदराला पुसला. मग म्हणाल्या, "नेऱ्यात कुणाला बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार न तापता नेऱ्याला पोहोचली, आणि नवरीकडच्या बायकांनी हळदीची वाटी घ्यायच्या आधी मोटारीलाच ओवाळलं.