सतरा मोटरी, एक डीपी

मंडळी, मांगं उभे हायेत त्याइनं समोर या, सतरंजी रिकामी हाये. कमलामाय, तुमच्यासमोर उभं राहून तुमचे मालक, आपले गुरुजी गेले म्हणून बोलाचं, हे मले लय जड जाऊन राह्यलं. मी भाषणवाला मानूस नाई, शिवारातला मानूस. पण आज मी नाई बोललो त कोण बोलंन? गुरुजीले सगळ्यात जास्त तरास त मीच देल्ला.

सुखदेव गुरुजीनं जिंदगीभर शाळेत विज्ञान शिकवलं. रिटायर झाले आन् आपल्यासारखेच शेतकरी झाले. आपल्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफार्मरवर, सतरा मोटरी. सतराही मोटरीले ऑटो, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारं डबडं. लाईन आली की सतराही एकदम सुरू, आन् डीपी जळाली. नवी आली, थेही जळाली. तरी आपण बोंबललो लाईनच्याच नावानं!

गुरुजी बांधाबांधानं फिरले. ऑटो काढा म्हणे, चार-चार मोटरीची पाळी लावा. पत्र्यावर सगळ्याइची नावं लिवली. मी म्हटलं, "गुरुजी, रिटायर झाले तरी हजेरी सुटत नाई काय?" सारे हासले. थेही हासले.

मंग मले इचारलं, "काऊन बे गजानन, देश कशानं मोठा होते?" मी म्हटलं, पैशानं. "पैसा मांगून येते. आंधी लाईन, तेल, कोळसा. दूर समुद्रात तेलाचं जहाज अडकलं त आपल्या इथं खत महाग होते, का नाई? मोठे देश पोटभर जेवून उठले. आपल्यासारखे वर येनारे देश आता पंगतीले बसले, त भांडं खाली व्हाले लागलं. मंग घाबरून सारेच एकदम मोटर चालू करतात. दुनियेची डीपीही एकच हाये बे!"

बोलणं पटलं. हाव म्हटलं, सर्व्याइसंगं ऑटो काढला. पण माहा गहू ओंबीवर होता आन् मनात भेव. पंधरा दिवसांत मी गुपचूप ऑटो परत लावला. अजून कोणी कोणी लावला, थे ज्याचं त्याले माहीत. डीपी जळाली. गहू करपाले लागला.

गुरुजी माह्या वावरात आले. शिवी देतीन असं वाटलं. नाई देल्ली. म्हणे, "मले वाटलं तू चोर हायेस. तू त भेकड निंघाला. ज्याले उद्याचा भरोसा नाई, थो आज ओरबाडते. मग थो मानूस असो का देश."

नवी डीपी बसली. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी गुरुजीची निंघाली. त्याइनं थे मले देल्ली. मले! त्या वर्सी माहा गहू भरला, त्याइचा बारीक राह्यला. मी सर्व्यासमोर ऑटो दगडानं फोडला. मंग एकेकानं आपापला काढला.

त्या दिवसापासून आपली डीपी जळाली काय? सांगा, जळाली काय? नाई! पाणी पुरलं, हरभरा वाढला. हरभरा वाढला म्हणून बायाइच्या गटानं दालमिल टाकली. आज नांदुऱ्याचे व्यापारी आपल्या दारात येतात. लाईन तेवढीच हाये मंडळी. लाईन नाई वाढली, गाव वाढलं! गुरुजी म्हणत, जगातही आपली पाळी ताठ मानेनं मागा, दुसऱ्याची हिसकू नका. माह्या अडाण्याच्या डोक्यात हे बसलं, त मोठमोठ्या देशाइच्या काऊन नाई बसनार?

कमलामाय, रडू नका. गुरुजी जिकून गेले.

आता दोन मिनिटं सारे उभे राहा, डोळे मिटा. मी मात्र थांबत नाई. अकरा वाजत आले, आन् अकरापासून पाळी माही हाये. मी उशीर केला त माह्या मांगच्याचं पाणी कमी होईन. गुरुजी, मी मोटर चालू कराले निंघालो.

जयभीम, गुरुजी.