रंगूबाईची मान आणि सातची सिरीयल

…न्हाय, पण मी म्हणतो, एका बाईचं तोंड सिरीयलवाल्यांनी किती येळा दावावं? एकदा दावा, दोनदा दावा, आमची तक्रार न्हाय. तीन-तीनदा? पयल्यांदा साधं, मग पांढरंफटक, मग पार डोळ्यापाशी जाऊन, आन् मागनं ढँण… ढँण… ढँण… बाई बोलत न्हाय, समोरचा बुवा बोलत न्हाय, दाराआड उभी असल्याली सासू तर मुळीच बोलत न्हाय. बघणाऱ्याचं काय, तो च्या पीत बघतो. पण ज्याला ते दुसऱ्याला तोंडानं सांगायचंय त्यानं सांगावं काय? तुमीच सांगा, माणसानं करायचं काय?

आमच्या गंगाराम तात्याचं हेच झालं. कळसला माझ्या भिंतीला भित लागून तात्याचं घर. एकतीस वर्सं यष्टीवर डायवर. माणूस असा, की स्टेअरिंगवर बसला की बारामतीपास्नं इंदापूरपातूर तोंडातनं शब्द न्हाय, आन् घरी आला की कंडक्टर न्हाय म्हणून शब्द न्हाय. रंगूबाई बोलायची, तात्या ‘हूं’ म्हणायचा. चाळीस वर्सं संसार झाला हो तेवढ्या ‘हूं’वर.

आन् ह्या जानेवारीत रंगूबाईच्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. दुसरा डोळा शुगरनं पाच वर्सांमागंच गेल्याला, त्याला नुसता उजेड कळतो. म्हंजे दिसणारा डोळा एकच, आन् तोच फाटला. बारामतीला नेलं, आप्रेशन झालं. डॉक्टर भला माणूस, त्यानं तात्याला खुर्चीत बसवून सांगितलं, ‘डोळ्यात गॅस सोडलाय, तो पडद्याला आतून दाबून धरतो. पंधरा दिवस चेहरा जमिनीकडं. जेवताना, बसताना, झोपताना. मान वर झाली की गॅस सरकला. आणि पडदा पुन्हा सुटला, तर पुन्हा बसंल असं मी सांगू शकत नाही.’

तात्या म्हणला, ‘हूं.’

गाडी माझी हुती. मागच्या शिटावर रंगूबाई मांडीवरच्या उशीत तोंड घालून, शेजारी तात्या. तिला काय दिसतंय, सारखी इचारायची, आता कुठं आलो? तात्या म्हणायचा, आली. काय आली? काटेवाडी. मग बराच येळ गप. आता कुठं आलो? गेली. काय गेलं? काटेवाडी. जो माणूस झोपेत ह्या रोडवरचे खड्डे मोजंल, त्याला बायकूला रस्ता सांगता येईना.

घरी त्यांची लेक अंजली आल्याली, ती इंदापूरला शाळेत मास्तरीण हाय. तिनं खाट भितीला लावली, काठाला उशी बांधली, आईचं कपाळ त्यावर टेकवलं, तोंड खाली फरशीकडं. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की सातला सिरीयल, हा त्या घरचा नेम, मग अंजलीनं पयले तीन दिस सिरीयल सांगितली. काय सुरेख सांगायची… ‘आई, आता प्रगतीनं ती चिठ्ठी उचलली, आता पदरात लपवली, आता सासूचं लक्ष गेलं.’ रंगूबाई खाली मुंडी घालून निवांत. चौथ्या दिवशी अंजलीची रजा सपली. जाताना बापाला म्हणली, ‘दादा, गोळ्या मी डब्यात लावल्यात. तुम्ही फक्त सातला आईला सिरीयल सांगा. तिची मान तेवढ्या अर्ध्या तासातच वर जाते.’

सात वाजले. ढँण झालं.

‘कोण हाय वो?’ रंगूबाई.

‘बाई.’

‘कुठली बाई?’

‘साडीतली.’

आता सगळ्याच साडीतल्या. सैपाकाला साडी, झोपायला साडी, दवाखान्यात बेसुध पडलीय तरी भरजरी साडी. पुन्हा ढँण झालं, ‘काय झालं?’ ‘काय न्हाय.’ ‘काय न्हाय तर वाजतंय कशाला?’ आन् तात्या उत्तर जुळवतोय तवर रंगूबाईची मान उशीवरनं चार बोटं वर. दिसत काय न्हाय हो तिला, एकावर पट्टी, दुसऱ्यात उजेड. पण वीस वर्सांची सवय, ढँण झालं की मान आपसूक उठती. तात्यानं झेप टाकली आन् दोनी हातानं डोकं धरून खाली केलं. सिरीयल सपंपातूर त्यानं ते हात काढले न्हाईत, मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. ज्या माणसानं ब्रेक फेल झाल्याली यष्टी कॅनॉलच्या कडंला लावली आन् वर बिडी पेटवली, त्याचे हात.

तवा त्याला उमगलं, की आपण बरं सांगितलं तर हिची मान खाली ऱ्हाणार, न्हायतर डोळा जाणार. म्हंजे डॉक्टरनं निम्मं आप्रेशन केलंय आन् निम्मं ह्याच्या जिभंवर सोडलंय, आन् जीभ तर एकतीस वर्सं डेपोत जमा. तुमीच सांगा, माणसानं करायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात. म्हणला, ही प्रगती कोण आन् तिचं त्या शंभूराजशी नातं काय, नीट सांग. आता मी काय सिरीयल बघत न्हाय, येता-जाता डोळ्याखालनं जातं तेवढंच… पण सांगितलं. प्रगती सून, शंभूराज तिचा नवरा, कारखानदाराचा पोरगा. थोरल्या बाईसाहेब सासू. वृषाली जाऊ, तीच सगळ्याचं मूळ. शंभूराजला प्रगतीला कायतरी सांगायचंय, ते तो दीड वर्सं सांगतोय.

तात्या म्हणला, ‘दीड वर्स? आन् सांगत का न्हाय?’

मी म्हणलं, तात्या, सांगितलं तर सिरीयल संपंल की.

आन् तात्याचं तरी काय चुकलं? आपल्या लहानपणी गावात एक टीव्ही, आठवड्याला एक भाग, तेरा भागात माणूस जल्मायचा, शिकायचा, लगीन करायचा, मरायचा आन् सिरीयल खलास. तिऱ्हाईतबी रडायचा आन् दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा. आता? सून जिना उतरायला लागली की आपल्या उसाला एक पाणी देऊन होतं, तरी ती मधल्या पायरीवरच.

तर त्या संध्याकाळपास्नं तात्या सांगायला लागला. पण डायवर तो डायवरच. ‘प्रगती निघाली. डाव्या अंगाला देव्हारा. पुढं वळण. वळणावर सासू आडवी. प्रगती थांबली. मागनं वृषाली आली… आली… ओव्हरटेक करून पुढं.’ तीनदा तोंड दावलं की म्हणायचा, ‘गाडी जाग्यावरच हाय, नुसता हारन वाजवत्यात.’ रंगूबाई उशीत तोंड घालून अशी हसायची, की खाट हलायची, मग तात्या घाबरून म्हणायचा, हसू नगंस, गॅस हलंल. पण मान खाली. चार दिस मान खाली.

आन् नवव्या दिवशी घोटाळा झाला. कारखाना चालू, आमच्या गल्लीतनं उसाची ट्रॉली गेली, ऊस पार आभाळाला लावल्याला, आन् वरनं गेल्याली केबलची वायर त्या ट्रॉलीनं संगंच नेली. अख्ख्या गल्लीचे टीव्ही निळे. केबलवाला म्हणला, येतो. केबलवाला ‘येतो’ म्हणतो त्याला अर्थ नसतो, ती नुसती बोलायची पद्धत हाय.

आन् त्याच दिवशी शंभूराज सांगणार हुता हो! आठवडाभर जाहिरात चाललीती.

मी तात्याला वायरचं सांगायला गेलो, तर उंबऱ्यातच थांबलो. सात वाजल्याले. टीव्ही निळा, आवाज न्हाय. खाटेवर रंगूबाईची मान हळूहळू उचलाय लागल्याली… ‘अवो, लागलं न्हाय का अजून?’ आन् तात्या त्या निळ्या पडद्याकडं बघत बोलून गेला,

‘लागलंय. टीव्हीचा आवाज गेलाय. चित्र हाय.’

मान खाली.

बोलून तर गेला. आता? पडद्यावर काय न्हाय, डोक्यात काय न्हाय. प्रगतीला आणली, वट्यापाशी उभी केली. शंभूराजला दारातनं आत घेतला. घेतला खरा, पण तो दीड वर्सं काय सांगणार हुता ते तात्याला कुठं ठावं? म्हणला, ‘त्यानं… चपला काढल्या. बसला. पाणी प्याला. तिनं आणखी दिलं. तेबी प्याला.’

‘पाणीच पितोय का? काय म्हणतोय ते सांगा की.’

मग तात्या सांगाय लागला, आन् ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की कारखानदाराचा पोरगा यष्टी चालवाय लागलाय. शंभूराज म्हणतो, आपलं पयलं पोरगं बाळंतपणात गेलं, तवा मी हितंच हुतो. दवाखान्याच्या दारात हुतो, मला तुझं वरडणं ऐकू येत हुतं. म्हणून दुसऱ्या येळंला, पोरगी झाली तवा, मी आलो न्हाय. तुला सांगितलं, सायबानं रजा दिली न्हाय, मुक्कामी गाडी हुती. सायबानं रजा दिलीती. कागद माझ्या खिशात हुता. मी दोन दिस डेपोतच बसून हुतो, गाडीच्या मागच्या शिटावर. मी भ्यालो हुतो.

एवढं सलग मी तात्याला जल्मात बोलताना ऐकलं न्हवतं. टीव्ही निळा, त्याच्या तोंडावर निळा उजेड, आन् तो बायकूकडं बघत न्हवता, टीव्हीकडंच बघत हुता, जसं काय खरंच तितं कोण बोलतंय.

खाटेखाली फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा. तात्या म्हणला, अगं डोळ्याला पाणी चालतंय का, डॉक्टरला इचारलंच न्हाय.

रंगूबाई म्हणली, ‘प्रगती काय म्हणली?’

‘काय न्हाय. नुसतं तोंड दावलं.’

‘न्हाय,’ रंगूबाई म्हणली. मान खालीच. ‘नीट बघा. ती म्हणतीय, मला तवाच ठावं हुतं. डेपोतल्या कंडक्टरची बायकू डबा घिऊन आलीती, तिनं सांगितलं. ती म्हणतीय, मी वाट बघितली, की तुमी कवा सांगताय.’

मी पाय न वाजवता घरी गेलो. आता असल्या ठिकाणी वायरचं काय सांगणार? तुमीच सांगा, माणसानं करायचं काय?

केबलवाला पाच दिसांनी आला. तवर तात्याची सिरीयल चालूच. वृषालीला त्यानं शिवणकाम शिकायला बारामतीला धाडली, सासूला गुडघ्याच्या आप्रेशनला. तेराव्या दिवशी अक्काबाई बघायला आली, ही रंगूबाईची चुलत जाऊ, ऱ्हाती भिगवणला, तिकडची वायर शाबूत. बसल्या बसल्या म्हणली, अगं रंगू, वंगाळ झालं बघ, शंभूराज गेला. गाडी दरीत पडली त्याची. तात्या पाणी घिऊन आलाता, तांब्या हातातच ऱ्हायला.

रंगूबाई उशीतनंच म्हणली, ‘तुमच्याकडं गेला असंल. आमच्यात हाय.’

अक्काबाई गेल्यावर तात्या खाटेपाशी खाली फरशीवर बसला, तिच्या तोंडाखाली. म्हणला, तुला ठावं हुतं का मग? ती म्हणली, ट्रॉलीनं वायर नेली ती मी ऐकली की. डोळा गेलाय, कान न्हाय.

पंधराव्या दिवशी बारामती. डॉक्टरनं पट्टी काढली, बॅटरी मारून लई येळ बघितलं. तात्या बाहेर उभा, भितीकडं तोंड करून. डॉक्टरनं बोलावलं, म्हणला, पडदा बसलाय, आजींनी मान खरंच खाली ठेवली, माझे निम्मे पेशंट तिथंच चुकतात. तात्या ‘हूं’ म्हणला आन् बाहेर येऊन माझ्या गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभा ऱ्हायला.

इथं खरं तर गोष्ट सपली. तुमीबी उठायला मोकळे. पण कसली सपतीय!

महिन्याभरात रंगूबाईला दिसाय लागलं. आधी पाण्यातनं बघितल्यागत, मग नीट. सात वाजले, ऐटीत खुर्चीत बसली, टीव्ही लावला. खरी सिरीयल. प्रगती रडतीय, एकदा, दोनदा, तीनदा. रंगूबाईनं पाच मिंटं बघितलं, रिमोट घेतला आन् बंद केला. म्हणली, ‘ह्यात काय राम न्हाय. तुमचं सांगा. सासूच्या गुडघ्याचं काय झालं?’

तात्या हबकला. पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता तर शेजारची कौसल्या येती, दोघी-तिघी आणखी येत्यात, सातला तात्याच्या वसरीवर चटई पडती. त्यानं संपवायचा परयत्न केला हो! सासूला बरी केली, वृषालीचा स्वभाव सुधारला, समद्यांना एका ताटात जेवायला बसवलं आन् हात झाडून म्हणला, सपली. तर रंगूबाई म्हणली, आन् मग? कौसल्या म्हणली, जेवल्यावर?

गेल्या आयतवारी तात्याचं डोकं फिरलं आन् त्यानं शंभूराजला मारला. ऊसतोडीच्या फडात साप चावून, एका वाक्यात. बायका उठून गेल्या. रंगूबाई जेवली न्हाय, बोलली न्हाय, काल दिसभर भितीकडं तोंड करून बसल्याली.

आज सकाळी तात्या माझ्याकडं आला. दाढी वाढल्याली, डोळे तांबारल्याले. मी च्या दिला, तो तसाच गार झाला. मग म्हणला,

‘सातला शंभूराजचा जुळा भाऊ येतोय दुबईवरनं. नाव काय ठिवू, तेवढं सांग.’