सीटमागची उशी

“आजोबा, खरं सांगा, तुमची ही साठीला आलेली मस्टँग गाडी नव्या मस्टँगपुढे टिकेल?”

‘विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून ब्रिजिटने वुडवर्ड रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसलेल्या अनोळखी आजोबांना बेधडक विचारलं. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला सारं डेट्रॉइट असंच खुर्च्या टाकून बसतं. बाबांच्या गुडघ्याला क्लच झेपेना, म्हणून त्यांचीही जुनी मस्टँग आज पलीकडे विकायला उभी होती. बदल्यात ब्रिजिटला बिनक्लचची नवी कोरी मिळणार होती.

“टिकते कसली! नवी दुसऱ्या सिग्नलला दिसेनाशी होईल.”

“नवीत पाठही दुखत नाही,” शेजारच्या आजी म्हणाल्या. “हिच्यात हा पाठीमागे उशी घेऊन बसतो.”

“आयरीन, पोरीला कशाला ते?”

“सांगू दे की! सीट पुढे ओढली तर उशी कशाला लागेल, पोरी? पण ओढायची नाही. आमचा मुलगा गॉर्डी ताडमाड उंच. वारला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं मागे सरकवली, ती तशीच आहे.”

“गंजलीय ती.”

“अकरा वर्षं हेच सांगतोस. नवीत म्हणे बटण दाबलं की सीट ज्याच्या त्याच्या मापाला आपोआप सरकते.”

“दोघांचीच मापं लक्षात ठेवते.”

“आपण दोघंच तर आहोत, वॉल्ट.”

आजोबा उठले आणि गाडीची लख्ख काच पुन्हा पुसू लागले.

पैज जिंकूनही ब्रिजिट मैत्रिणींकडे गेली नाही. ती थेट आईबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, ती विक्रीची पाटी काढा. आई, तूही ऐक. नवी गाडी नको मला. उद्यापासून हिचा क्लच मी दाबणार आणि बाबा शेजारी बसून माझ्यावर ओरडणार.”