पुन्हा बाजारात आलेला सुनंदा स्पीकर

नवा सुनंदा स्पीकर भारी वाजतो म्हणतोस, वाजत असेल, मी घेणार नाही. धुळ्याच्या आमच्या नानांनी ते नाव ठेवलं होतं, चार वर्षांची असताना गेलेल्या त्यांच्या मुलीचं. प्रत्येक नवा खोका पहिल्यांदा चालू करताना ते म्हणायचेच, "बोल वं माय." पुढे त्यांचा कारखाना बुडाला आणि नाव विकलं गेलं.

परवा नवा मालक पहिली जोडी घेऊन नानांच्या घरी आला. मीही होतो. म्हणाला, "नाना, तुमच्याच हातानं चालू करा."

नाना सवयीनं पुटपुटले, "बोल वं माय," आणि बटण दाबलं.

आतून बाईचा आवाज आला, "नमस्कार, मी सुनंदा."

मालकाला काय ठाऊक. हसत म्हणाला, "रेकॉर्ड करून घातलाय. कसा वाटला?"

नाना खोक्याकडेच बघत होते.

"इतली मोठी व्हई गई का वं?"