टोप्यांवरचे ठिपके

ताडकळसच्या स्टँडावर शांतम्मा परभणीच्या एसटीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. शेजारी आबासाहेबांनी तेलकट पोतं दाणकन आदळलं, तसं त्यांनी लुगडं आवरून घेतलं. तेवढ्यात भुजंग मिस्त्री पळत आला.

"कुठं निघालात, आबासाहेब?"

"पोलीस ठाण्यात! निजामाच्या वक्तातली माझी मोटार. इंजिन खोललंस अन् दुसऱ्याच गाडीचा माल माझ्या गळ्यात मारलास. क्रँक जागचा हलंना! भर बाजारात सांगितलं मी, भुजंग चोर हाय म्हणून."

"पोत्यातल्या बेअरिंगच्या टोप्या दाखवा, क्रँक धरून ठेवणाऱ्या."

"हात लावू नको!"

"लावणार!" भुजंगानं पोत्यात हात घालून टोप्या बाहेर काढल्या. "माल तुमचाच हाय. पण एकीच्या जागी दुसरी टोपी आवळली, म्हणून क्रँक अडकला. कुणी बसवली?"

"मी. दसऱ्याला गावाला गेलास, मंग कुठं घावत व्हतास तू?"

"वरचे ठिपके बघितले न्हाईत?"

"कसले ठिपके?"

"पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असे चौथीपर्यंत. कुठली टोपी कुठं बसवायची ते कळावं म्हणून माझ्या बापानं टोचलेले. खंडेनवमीच्या पूजेला टोप्या नेल्यात तवा व्हते. आता गुळगुळीत हायत."

"डागाळलेलं लोखंड देवापुढं कसं मांडावं? पॉलिश पेपरनं घासल्या."

"कुणी?"

"मीच."

एसटी आली. शांतम्मांनी पिशवी उचलली, पण पाय निघेना.

"चुकलं बाबा माझं," आबासाहेब पुटपुटले.

"हितं हळूच नका म्हणू! चोर म्हणलात तवा बाजार भरला व्हता. आता हे बी भरल्या बाजारातच म्हणा."